मोठं मशीन चालू ठेवा

"या या, कॅमेरावाल्या बाई! भूत पकडायला आलात वाटतं?"

फाटकाशी उभं राहून दादानं हे एवढ्या मोठ्यानं विचारलं, की सगळ्यांचे मोबाइल जमा करून घेणारा पहारेकरीही गालात हसला. धाकटीनं गाडीतून उतरता उतरता भावाकडे एकदाच पाहिलं. घरी ती 'धाकटी', इथे 'बाई'. बहिणीला चिडवायचं असलं की अहोजाहो करायचं, ही दादाची लहानपणापासूनची खोड.

"भूत नाही, गॅस आहे," ती म्हणाली. "आणि तुझ्याच स्टेशनातून जातोय."

"माझ्या स्टेशनातून फुंकरसुद्धा जात नाही. मागच्या महिन्यात इथला कोपरान् कोपरा पालथा घालून, सगळं ठीकठाक आहे असं तूच सांगून गेलीस ना?"

तिथेच तर सगळं अडलं होतं.

जमिनीतून निघालेला गॅस पाइपातून लांबवर जाता जाता दमतो, त्याचा दाब उतरतो. त्याला पुन्हा दाबून पुढे ढकलायला वाटेत ठिकठिकाणी स्टेशनं असतात. त्यातल्या एकाचा दादा इनचार्ज. धाकटी त्याच कंपनीच्या गळतीशोध विभागात होती. विभाग म्हणायला मोठा, पण कॅमेरे दोनच. एक तिच्याकडे आणि दुसरा तिच्या मैत्रिणीकडे, जिला तिच्या आवाजामुळे सगळे वाघीण म्हणत. ह्या गॅसला, म्हणजे मिथेनला, रंग नसतो. वास घालतात तो पुढे, घरोघरी पोचवायच्या आधी. इथल्या पाइपांत तोही नसतो. नाकाडोळ्यांना पत्ता लागू न देता तो हवेत मिसळतो आणि पहिली वीस वर्षं कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट उष्णता धरून ठेवतो. ह्या कॅमेऱ्यातून मात्र तो दिसायचा, अगदी धुरासारखा. कुठल्याशा सांध्यातून वर चढणारी ती वळवळती रेघ दिसली की धाकटीला अजूनही लहान मुलासारखा आनंद व्हायचा. गळती दिसली, की ती बंद होऊ शकते. एवढी सरळ गोष्ट जगात फार थोड्या ठिकाणी असते, असं तिला वाटे.

यंदा कंपनीनं विमान घेतलं. भाड्याचं, छोटंसं, पोटाशी यंत्र बसवलेलं. ते न सांगता सवरता वरून जायचं आणि कुठे मिथेनचा ढग आहे ते टिपायचं. दादाच्या स्टेशनावर त्याला दोनदा ढग दिसला होता. दोन्ही वेळा धाकटी पाठोपाठ येऊन गेली, आणि दोन्ही वेळा तिला काहीही सापडलं नाही. मग बैठकीत कुणीतरी हळूच म्हणालं, "भावाचं स्टेशन आहे, चालायचंच." वाघीण त्याच्या अंगावर धावून गेली. धाकटी बैठकीत बोलतच नसे.

विभागाच्या प्रमुख मॅडम स्वभावानं सरळ होत्या. त्यांनी तिला आत बोलावून सांगितलं होतं, "आज दुपारी विमान तिसऱ्यांदा जाईल. ह्या खेपेला मुद्दाम वेळ सांगून. त्याला ढग दिसला आणि तो कुठून येतो हे तुला सांगता आलं नाही, तर उद्या दोन्ही कॅमेरे स्टोअरमध्ये जमा. पुढचं सगळं विमानच बघेल. तुला मी ऑफिसात घेते, विमानाच्या चित्रांना रंग भरायचं काम आहे."

रंग भरायचं! रस्ताभर तो शब्द तिच्या दातांखाली खड्यासारखा येत होता.

"चल," तिनं गाडीच्या मागच्या बाजूला हाक मारली. तिथून घड्या घातलेल्या मोठमोठ्या पिशव्यांच्या आडून फुगेवाला बाहेर आला. हा तिचा जोडीदार. कॅमेऱ्याला गळती दिसली की तिच्यावर पिशवी धरायची, ती किती वेळात भरते ते पाहायचं आणि गॅस किती जातोय ते काढायचं, हे त्याचं काम. म्हणून फुगेवाला. तो जितका बडबड्या, तितकी ती गप्प.

"दादासाहेब, आज माझे फुगे भरून द्या हो," तो म्हणाला. "दोन खेपा रिकाम्या हातानं गेलो. घरी बायको विचारते, तू नक्की जातोस कुठे?"

"तोंडानं भर. हवा भरपूर आहे तुझ्यात," दादा म्हणाला.

एरवी इथे पोचेपर्यंत दुपार व्हायची. आज विमानाच्या आधी काम उरकायचं म्हणून ती दोघं पहाटेच निघाली होती. आभाळ सकाळपासून भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही, आणि वारा असा गार की कॅमेऱ्याच्या मुठीवर बोटं आखडत होती. धाकटीनं डोळा लावला आणि फाटकाकडच्या बाजूनं सुरुवात केली. येणारा पाइप. त्याच्यावरचे सांधे. गाळण्या. टाक्यांची झाकणं. करड्या रंगातलं जग तिच्या डोळ्यासमोरून हळूहळू सरकत होतं. कुठेही वळवळ नाही.

दादा मागे मागे हिंडत होता. "तिकडे बघितलंस? आणि तो बोल्ट? एकटाच आहे बिचारा, त्यालाही बघ." पण टाक्या संपल्या तसा त्याचा आवाज खाली आला. थट्टा करायची त्याला हौस होती. बहिणीचा कॅमेरा जावा अशी नव्हती. "अगं," तो हळूच म्हणाला, "विमानालाच काहीतरी भास होत असेल. लिहून टाक तसं."

"दोनदा भास होत नाही."

आता मशीनची शेड उरली होती. स्टेशनात गॅस दाबणारी मशीनं दोन. एक मोठं, निळ्या रंगाचं, खोलीएवढं. दुसरं त्याच्या निम्म्यानं, त्याला सगळे धाकटं म्हणत, आणि त्यावरून दादानं आजवर केलेले विनोद मोजायला बसलं तर दिवस पुरला नसता. धाकटं मशीन पलीकडे धडधडत होतं. मोठं बंद होतं. धाकटी दारात उभी राहिली, तिनं मोठ्या मशीनवर कॅमेरा धरला आणि ती थबकली.

मशीन पांढरंशुभ्र दिसत होतं.

हा कॅमेरा उष्णतेनं पाहतो. गरम ते पांढरं, गार ते काळं. शेडचे पत्रे काळे, जमीन काळी, दादाचा चेहरा पांढरा. आणि बंद पडलेलं, ढिम्म न हलणारं मोठं मशीन दादाच्या चेहऱ्याहूनही पांढरं.

तिनं डोळा काढला. निळा रंग, थांबलेला पंखा. पुन्हा लावला. पांढरं.

ऊन असेल, असं ती मागच्या दोन्ही वेळा मनात म्हणाली असणार. नव्हे, तेवढंही नाही. दुपारच्या उन्हात पत्रे, पाइप, कठडे सगळंच पांढरं दिसायचं, त्यात हे वेगळं कळणार कसं? आज ऊन नव्हतं. मग ही ऊब कुठली?

तिनं हातमोजा काढून तळहात मशीनच्या अंगाजवळ नेला. नुकत्याच उतरवलेल्या भांड्यासारखी धग.

"फिटरमामा," तिनं आवाज दिला. स्टेशनचा म्हातारा फिटर पान्हा पुसत उभा होता. "हे मशीन कधी बंद केलं?"

"हे? आत्ताच की. तुमची गाडी नाक्यावरून निघाल्याचं कळलं तेव्हा."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही येणार म्हणून."

धाकटी दादाकडे वळली. "मी येते तेव्हा दर वेळी बंद करता?"

"मग!" दादा अभिमानानं म्हणाला. "तू इथे अगदी पहिल्यांदा आलीस ते आठवतं? विमानबिमान यायच्या कितीतरी आधी. मशीन चालू होतं. तू कॅमेऱ्यात डोळा घालून मागे मागे सरकत होतीस, मागे उघडा खड्डा. मी घसा फुटेस्तोवर ओरडतोय आणि तुला ढिम्म ऐकू येत नाही. मामांनी दंडाला धरून ओढलं म्हणून वाचलीस. तेव्हाच ठरवलं, धाकटी येणार असली की मोठं बंद. तेवढ्यापुरतं काम छोट्यावर काढायचं."

"आणि एरवी?"

"एरवी मोठंच चालतं. छोट्याचा जीव तो केवढा!"

"दादा, मला वाटायचं तुम्ही आलटून पालटून चालवता!"

"तू कधी विचारलंस?"

नव्हतं विचारलं. धाकटीला अचानक हसू फुटलं. हलकं नाही, चांगलं खदखदून. फुगेवाल्यानं तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. तो घाबरून दादाकडे बघायला लागला.

"अरे, पाहुणे येणार म्हणून घर आवरून ठेवलंस तू!" ती म्हणाली. "आणि मी पाहुणी येते, बघते, घर कसं स्वच्छ म्हणते आणि जाते! विमान येतं ते न सांगता. तेव्हा मोठं चालू असतं. लाव ते."

"काय?"

"मोठं मशीन चालू कर. मला ते चालताना बघायचंय."

"दिव्याचं बटण आहे का ते, लाव म्हटलं की लावायला? पुढचे कारखाने ह्याच दाबावर चालतात. अख्खी पाइपलाइन बघणाऱ्या लाइनवाल्यांना विचारावं लागतं, दाब सांभाळून बदलावं लागतं..."

"मग विचार ना. तोंड आहे, फोन आहे, तुझ्याइतका गोड बोलणारा दुसरा कोण आहे?"

"बघा मामा, काम असलं की मी गोड," म्हणत दादा कंट्रोल रूमकडे गेला खरा, पण जाताना जवळजवळ पळत गेला.

मशीन गरमच होतं, म्हणून फार वेळ लागला नाही. सगळ्यांनी कानांवर जाड झाकणं चढवली. फुगेवाल्याला तिनं आपल्या पाठीशी उभं केलं: मी मागे सरकले तर धरायचं. आधी जमिनीतून एक घरघर आली, मग पायांतून छातीत चढली, आणि बघता बघता आवाज म्हणजे ऐकायची गोष्ट उरली नाही, अंगावर झेलायची झाली. धाकटीनं डोळा लावला.

सांधे. काही नाही. मशीनच्या सरकत्या दांड्यांवरची सीलं, जिथे हमखास थोडंफार सुटतं. काही नाही. बाजूचे पाइप. काही नाही. मग ती त्या पाइपांमागून निघून शेडच्या छताबाहेर जाणाऱ्या उंच नळकांड्यापाशी आली. त्याला इथे धुरांडं म्हणत, जरी त्यातून कधी धूर निघत नसे. मशीन बंद केलं की त्याच्या पोटात उरलेला गॅस ह्या वाटेनं बाहेर सोडायचा, एवढंच त्याचं काम. मशीन चालू असताना त्याच्या बुडाशी असलेला व्हॉल्व्ह घट्ट मिटलेला असायला हवा आणि धुरांडं कोरडं ठणठणीत. ती शेडबाहेर आली, चार पावलं मागे गेली, आणि कॅमेरा वर, आणखी वर नेला.

धुरांड्याच्या तोंडातून दाबातून सुटताच गार पडलेला गॅस काळाभोर लोट होऊन निघत होता. जाड, गुबगुबीत, एकामागून एक गुंडाळ्या उलगडत तो वाऱ्यावर आडवा होत होता आणि कुंपण ओलांडून पलीकडे जात होता. तिनं डोळा काढून वर पाहिलं. नुसतं आभाळ. पुन्हा कॅमेऱ्यातून पाहिलं. लोट!

ती ओरडली. आयुष्यात ओरडली नव्हती एवढ्या जोरानं, "सापडला! सापडला रे!" आणि त्या धडधडाटात तिचं तिलाही ऐकू गेलं नाही. फुगेवाल्याला एवढंच दिसलं की बाईंचं तोंड वासलंय आणि त्या उड्या मारतायत. त्याला वाटलं, काहीतरी चावलं. तो तिच्या पायांभोवती विंचू शोधायला लागला. शेवटी तिनं त्याची मान धरून त्याचा डोळा कॅमेऱ्याला लावला. तो पाहत राहिला, आणि मग तोही उड्या मारायला लागला.

मग काय, रांगच लागली. फिटरमामांनी पाहिलं, कंट्रोल रूममधला माणूस येऊन पाहून गेला, पहारेकरी फाटक सोडून आला म्हणून शिव्या खाऊन, तरीही पाहूनच परत गेला. प्रत्येक जण आधी कॅमेऱ्यातून बघे, मग मान वर करून नुसत्या डोळ्यांनी, आणि पुन्हा कॅमेऱ्यातून. सगळ्यात शेवटी दादा. त्यानं डोळा लावला तो कितीतरी वेळ काढलाच नाही. काढल्यावर तो लांब, आवाज कमी होता तिथवर चालत गेला. धाकटी मागोमाग गेली.

"हे रोज?" त्यानं कानांवरची झाकणं काढत विचारलं.

"मोठं चालू असेल तेव्हा सगळा वेळ."

"मी रोज त्याच्या खालून जातो गं. दिवसातून दहादा."

"दिसत नाही रे ते. मलाही दिसलं नाही."

"चिडव की आता. आज तुझा दिवस आहे."

"नंतर चिडवीन," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातला आनंद तिला लपवता येत नव्हता. "आता दुरुस्त करू. विमान यायचंय."

फुगेवाल्यानं धुरांड्याच्या बुडाशी मापक बसवायच्या जागेतून गॅसचा वेग मोजणारी काडी आत सरकवली आणि आकडा पाहून शीळ घातली, जी अर्थात कुणालाच ऐकू गेली नाही. पिशव्या त्यानं उघडल्याच नाहीत. "माझी सगळ्यात मोठी पिशवी," तो नंतर सांगत होता, "तोंड लावायच्या आत फुटली असती. आमच्या अख्ख्या वसाहतीच्या शेगड्या चालतील एवढा गॅस आहे तो!"

व्हॉल्व्ह उघडायचा तर मोठं मशीन बंद करून त्याचं पोट रिकामं करायला हवं. लाइनवाल्यांना दुसऱ्यांदा फोन करताना दादा दोन्ही हात जोडून बोलत होता, जणू समोरच्याला दिसतंय. काम पुन्हा छोट्या मशीनवर गेलं. फिटरमामांनी सवयीनं पोट रिकामं करायच्या चाकाला हात घातला, आणि धाकटी आडवी आली.

"मामा, हवेत नको!"

"अहो ताई, मग कुठे सोडू? खिशात?"

"छोटं मशीन कशावर चालतं?"

"गॅसवरच."

"त्याच्या इंधनाच्या लाइनीला जोडा. त्याला कमी दाबाचाच लागतो. ह्याच्या पोटातला त्याला पाजा."

फिटरमामांनी दादाकडे पाहिलं. दादानं भिंतीवरच्या घड्याळाकडे. असं केलं तर वेळ जाणार होता आणि वेळच तर नव्हता. "गळती शोधायला येऊन स्वतःच एवढा गॅस उधळू का मी?" धाकटी म्हणाली. "जोडा, मामा. जोडायची लाइन आहे ना तिथे?"

"आहे. वापरत कुणी नाही."

"आज वापरू."

मोठ्या मशीनच्या दाबाचा काटा उतरेपर्यंतचा वेळ तिच्यानं उभ्यानं निघेना. ती फेऱ्या मारत होती. फुगेवाला तिच्या मागे फेऱ्या मारत होता. "तुम्ही दोघं माझी जमीन झिजवणार," दादा म्हणाला, आणि मग तोही फेऱ्या मारायला लागला. शेवटी काटा तळाशी टेकला. उरलासुरला चिमूटभर गॅस सोडून देऊन फिटरमामांनी व्हॉल्व्ह खोलला, आतली चकती बाहेर काढून फडक्यावर ठेवली आणि बोटाच्या टोकानं काहीतरी उचललं.

वेल्डिंगचा मणी. गहूभर. मागे कधी पाइप जोडताना उडालेला, गॅसबरोबर वाहत वाहत येऊन नेमका चकती आणि ती जिच्यावर टेकते त्या बैठकीच्या मधे अडकलेला. दर वेळी व्हॉल्व्ह मिटताना चकती त्याच्यावर आपटली होती, आणि बैठकीवर नखानं ओढावा तसा चरा पडला होता.

"एवढुशानं?" दादा म्हणाला.

"दाब केवढा आहे पाठीमागे," धाकटी म्हणाली. "चकती जरा उचललेली राहिली की झालं."

स्टोअरमध्ये नवी बैठक होती, नवी चकती होती. फिटरमामांचे हात भराभर चालत होते आणि ते चालत असताना कुणी बोलायचं नाही असा त्यांचा दंडक होता. फुगेवाल्यानंसुद्धा तो पाळला. शेवटचा बोल्ट आवळून ते उठले तेव्हा विमान यायला फार वेळ उरला नव्हता.

तेव्हा दादा तिला बाजूला घेऊन म्हणाला, "ऐक. मोठं आत्ता बंदच आहे. राहू दे की तसंच. विमान जाईल, त्याला काही दिसणार नाही. मग सावकाश लावू, तपासू. एखादी गोष्ट राहिली असली तर तुझा कॅमेरा..."

धाकटीला त्याची माया कळली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"म्हणजे विमानासाठीही घर आवरून ठेवायचं?"

"तुझ्यासाठी म्हणतोय."

"माझ्यासाठीच मोठं बंद करत होतास ना इतके दिवस?"

दादानं डोकं खाजवलं. मग हसला. "तोंड फुटलंय आज तुला," म्हणाला आणि लाइनवाल्यांना तिसऱ्यांदा फोन करायला गेला. ह्या वेळी त्यांनी त्याला काय काय ऐकवलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

मशीन पुन्हा घरघरलं. धाकटीनं कॅमेरा धुरांड्याच्या तोंडावर रोखला. काळा धूर. पुन्हा! दादानं तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं, त्याचे खांदे पडले. पण ती डोळा काढेना. तो धूर पातळ होत होता. गुंडाळ्या सुटत गेल्या, रेघ उरली, रेघ तुटक झाली. धुरांड्यात आधीचा साठलेला होता तेवढा निघून गेला आणि मागे उरलं करडं, रिकामं आभाळ. तिनं आणखी पाहिलं, आणखी. करडं. रिकामं. मग हात उंच करून अंगठा दाखवला, आणि शेडच्या दारात फिटरमामांनी, साठीच्या त्या माणसानं, जागच्या जागी एक गिरकी घेतली.

सगळे कंट्रोल रूममध्ये जमले. मॅडम फोनवर होत्या, दुसऱ्या फोनवरून विमानातल्या निरीक्षकाशी बोलत. दादानं फोनचा स्पीकर लावला. बाहेरून आधी मशीनचा आवाज येत होता, मग त्यात एक पातळ गुणगुण मिसळली.

"आलं," फुगेवाला कुजबुजला. फोनपासून विमानापर्यंत ऐकू जाईल अशी भीती वाटल्यासारखा.

"गेलं वरून," मॅडम म्हणाल्या. "थांबा." मग बराच वेळ नुसती खरखर. "तो म्हणतोय, पुन्हा एक फेरी मारतो."

"का?" धाकटी म्हणाली. "काय दिसलं?"

"तेच तो सांगत नाहीये. थांब म्हणते ना."

गुणगुण लांब गेली, वळली, परत डोक्यावर आली. दादानं बहिणीचा हात धरला होता आणि ते त्याच्या लक्षातही नव्हतं. फोनमध्ये मॅडम कुणालातरी काहीतरी विचारत होत्या. मग त्या हसल्या.

"अगं, काही नाही दिसलं त्याला! त्याला वाटलं यंत्रच बिघडलं, म्हणून परत फिरला. ढग नाही. तुमचं मशीन बंद आहे का, विचारतोय तो."

"चालू आहे!" खोलीतले सगळे एकदम ओरडले. "मोठं चालू आहे!"

मग जो गलका झाला तो आवरायला दादाला टेबलावर थापट्या माराव्या लागल्या. धाकटीनं फोनजवळ जाऊन मॅडमना सांगितलं. कॅमेऱ्यातलं पांढरं मशीन, धुरांडं, मणी, सगळं. आपण एका दमात एवढं बोलू शकतो हे तिला नव्यानंच कळत होतं. मॅडमनी मधे एकदाही तोडलं नाही. "म्हणजे विमानाला फक्त 'आहे' एवढं कळतं," त्या शेवटी म्हणाल्या. "कुठे आणि का, ते तुलाच शोधावं लागतं. बरं. कॅमेरे जमा करायचं राहू दे."

धाकटीनं कॅमेऱ्याचा पट्टा पुन्हा गळ्यात अडकवला. मग तिच्या मनात काहीतरी लखकन चमकलं.

"दादा, मी आले की मोठं बंद करायचं, हे फक्त तूच करतोस ना?"

दादा घुटमळला. "म्हणजे... इनचार्ज लोकांच्या बैठकीत मी सांगितलं होतं. खड्ड्याची गोष्ट. सगळ्यांना पटलं. कॅमेरावाल्या पोरी आल्या की त्यांना बरं पडावं म्हणून..."

"सगळीकडे?" स्पीकरमधून मॅडमचा आवाज आला.

"आता... बहुतेक सगळीकडेच, मॅडम."

धाकटीनं फोनवर वाकून विचारलं, "वाघीण आज कुठल्या स्टेशनवर आहे?"

मॅडमनी सांगितलं. दादानं तो नंबर इतक्या झपाट्यानं फिरवला की एक आकडा चुकला आणि पुन्हा फिरवावा लागला. तिकडच्या कंट्रोल रूममध्ये कुणीतरी फोन उचलला, कुणालातरी हाका मारल्या, आणि बऱ्याच वेळानं तिकडून गर्जना आली, "काय गं? इथे काही नाहीये. आवरून निघतच होते."

"निघू नकोस!" धाकटी ओरडली. "तुझ्यासमोर मोठं मशीन बंद आहे ना?"

"आहे. दर वेळी असतं. का?"

"हात लावून बघ गरम आहे का. आणि इनचार्जना सांग, लावा म्हणावं. ते नाही म्हणतील. तू वाघीण आहेस ना?"

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आपटला. इकडे सगळे फोनभोवती वाकून उभे. वाघिणीचा आवाज लांबून येत होता, शब्द कळत नव्हते. एका पुरुषाचा आवाज तिला काहीतरी समजावत होता, मग तो समजावेनासा झाला. मग दोघांची पावलं बाहेर गेली. दादा म्हणाला, "त्या इनचार्जला मी ओळखतो. बिचारा." मग फोनमधून, खूप खोलवरून, तीच ओळखीची घरघर यायला लागली. वाढत गेली. रिसीव्हर टेबलावर थरथरत असणार, कारण त्यातून टकटक ऐकू येत होती.

धाकटी स्पीकरशी कान नेऊन उभी होती. घरघर. टकटक. मग दार आपटल्याचा आवाज, धावती पावलं, आणि वाघिणीनं रिसीव्हर उचलून जे काही ओरडायला सुरुवात केली त्यातला एकही शब्द त्या धडधडाटात कुणाला कळला नाही.

"पिशव्या गाडीत टाक," धाकटीनं फुगेवाल्याला सांगितलं. तो केव्हाच दाराबाहेर पळाला होता.